लायटर सॉकेटचा १२ व्होल्टचा हीटर: आधी गाडीतला हीटर तपासा, मग पैसे घाला

दिवाळी उलटली की ऑनलाइन दुकानांत ही वस्तू वर यायला लागते. हाताच्या पंजाएवढा काळा प्लॅस्टिकचा डबा, पुढे जाळी, मागे बोटभर पंखा, डॅशबोर्डला चिकटवायचं फिरतं स्टँड आणि हात-दीड हात वायरीच्या टोकाला लायटर सॉकेटची पिन. खोक्यावर ‘१५० वॅट’, ‘लगेच गरम’, ‘काच क्षणात साफ’ असलं काहीबाही. किंमत साधारण सहाशे ते दीड हजार. नावं ढीगभर, आतला माल जवळपास एकच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या अख्ख्या जातीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. केबिन गरम करायला घेत असाल तर दहापैकी दोन. काचेवरच्या वाफेचा एक तुकडा साफ करायला दहापैकी चार. आणि गाडीला मुळात हीटर आहे पण त्यातून गरम हवा येत नाही म्हणून हा डबा घ्यायला निघाला असाल, तर शून्य. तेच पैसे थर्मोस्टॅटला (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल) आणि कूलंटला (इंजिनात फिरून त्याची उष्णता वाहून नेणारं द्रावण) घाला.

१५० वॅट म्हणजे किती

लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा, काहींत १० चा, काहींत २० चा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो. पंधरा चौदे २१० वॅट, ही झाली त्या सॉकेटची शेवटची हद्द. फ्यूज कायम हद्दीवर चालवायचा नसतो, म्हणून उत्पादक १५० वर थांबतात. इथपर्यंत त्यांचं काही चुकलेलं नाही. चूक आहे ती ‘केबिन हीटर’ या नावात.

आंघोळीचं पाणी तापवायची रॉड हजार ते दीड हजार वॅटची असते. हा डबा तिच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याचा. १५० वॅटमध्ये तुम्हाला हवा ३० अंशांनी तापवायची असेल, तर सेकंदाला जेमतेम चार लिटर हवा तापते. गाडीचा स्वतःचा ब्लोअर मधल्या-वरच्या वेगावर सेकंदाला सत्तर लिटर हवा सहज फेकतो आणि ती ५० अंशांनी तापलेली असते. त्याला लागणारी उष्णता चार किलोवॅटच्या वर जाते. म्हणजे डब्याच्या सुमारे २८ पट. शिवाय ती आयती असते, इंजिन ती नाहीतरी रेडिएटरवाटे बाहेर टाकणारच असतं. गंमत अशी की ब्लोअरची नुसती मोटरच शेवटच्या वेगावर दहा-पंधरा अँपिअर खाते. म्हणजे या डब्याची सगळी ताकद गाडीच्या हीटरमध्ये फक्त हवा ढकलायला खर्च होते.

‘५०० वॅट’ लिहिलेला आणि तरी सॉकेटमध्येच लावायचा डबा दिसला तर तो आकडा बिनदिक्कत खोटा समजा. ५०० वॅटला १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर करंट लागतो. आकडा खरा असता तर फ्यूज तिथल्या तिथे उडाला असता.

आत जे तापतं ते सिरॅमिकचं पीटीसी एलिमेंट. तापत गेलं की त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो, त्यामुळे ते लालभडक होऊन पेटत नाही. ही खरोखर चांगली गोष्ट. धोका असतो तो पिनेपाशी. सॉकेटच्या तळाशी एक गोल पत्री आणि बाजूला दोन स्प्रिंगा, एवढ्यावर साडेबारा अँपिअर चालतात. मोबाइल चार्जरसाठी वर्षानुवर्षं ओढाताण झालेलं सॉकेट सैल झालेलं असतं. दहा मिनिटं चालवून पिन बाहेर काढा आणि टोकाला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर कनेक्शन ढिलं आहे. टोक काळं पडलं असेल किंवा सॉकेटच्या कडेचं प्लॅस्टिक मऊ पडलं असेल तर पुन्हा लावूच नका. वायरही पाहून घ्या: एवढ्या करंटला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, आणि स्वस्त डब्यांत हेडफोनच्या वायरीपेक्षा थोडी जाड वायर सर्रास मिळते. स्टँड एअरबॅगच्या झाकणावर चिकटवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण खोक्यावरच्या चित्रात बऱ्याचदा ते नेमकं तिथेच असतं.

इंजिन बंद ठेवून वापरायचा विचार असेल तर छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते हे ध्यानात ठेवा. तासाभरात एक तृतीयांशाच्या वर खाली. थंडीत बॅटरी आधीच आखडलेली, सेल मारायला नेमकी तेव्हाच जास्त ताकद लागते.

ज्याचे पैसे आधीच भरले आहेत तो हीटर

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये उतरते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते, उरलेल्यावर गाडी चालते. डॅशबोर्डच्या पोटात जाडजूड वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, तो हीटर कोअर. इंजिनाच्या बाजूने पत्र्यातून दोन रबरी होज त्याला येऊन मिळतात. एकातून गरम कूलंट येतं, दुसऱ्यातून वॉटर पंपाकडे परत जातं. ही फेरी थर्मोस्टॅटवर अवलंबून नसते. थर्मोस्टॅट बंद असला तरी कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यात फिरतच असतं, म्हणून मुख्य रेडिएटर गार असतानाही हीटरमधून गरम हवा यायला सुरुवात होते.

तापमानाचं बटण फिरवलं की पाणी कमी-जास्त होतं, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक आजच्या गाड्यांत तसं नसतं. कोअर उन्हाळ्यातसुद्धा गरमच असतो. बटणाला जोडलेली केबल, किंवा ऑटोमॅटिक एसीत छोटी मोटर, एक प्लॅस्टिकचा फ्लॅप हलवते. तो फ्लॅप हवेला कोअरमधून जाऊ देतो किंवा बगल देऊन पुढे सोडतो. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, होजवरच केबलने उघडझाप करणारा वॉल असतो. त्या गाड्यांत हा वॉल वर्षभर न वापरल्यामुळे जाम झालेला सापडणं नेहमीचंच. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला काय जातं?

सकाळी गाडी चालू केल्या केल्या ब्लोअर फुल केला तर गार हवाच अंगावर येणार. इंजिनाच्या तापमानाचा काटा तळापासून उठेपर्यंत थांबा. जागेवर उभी ठेवून तापवण्यापेक्षा हळू चालवत नेली की इंजिन लवकर तापतं.

दोन होज आणि एक हात

हीटर गरम हवा देत नाही, ही एक तक्रार असली तरी कारणं चार-पाच, आणि ती वेगळी करायला बहुधा स्कॅनरसुद्धा लागत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद, बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर दोनवर. बॉनेट उघडून पत्र्यात शिरणारे ते दोन शेजारी-शेजारी होज शोधा, अंगठ्याएवढे जाड असतात. फॅनच्या पात्यांपासून बाही आणि ओढणी लांब. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही खात्री असली तरी.

आता दोन्ही होजना हात लावा. दोन्ही इतके गरम की दोन-तीन सेकंदांच्या वर हात ठेववत नाही, तर पाण्याची बाजू ठीक आहे. फ्लॅप, केबल, फिल्टर बघायचे. एक होज चटका देणारा आणि दुसरा कोमट, तर कोअर तुंबलाय किंवा वॉल पूर्ण उघडत नाही. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट किंवा कमी झालेलं कूलंट. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असेल तर आकडेही मिळतात: आत जाणारा ८५ अंशांच्या आसपास, बाहेर येणारा त्याहून १०-१५ अंशांनी कमी. फरक ३० च्या पुढे गेला तर कोअरमधून पाणी वाहत नाही, ठिबकतंय.

दोन खुणा लक्षणांतूनच कळतात. गाडी पळताना हवा गरम आणि सिग्नलला थांबलं की गार, तर कूलंट कमी आहे किंवा कोअरमध्ये हवा अडकली आहे. अॅक्सिलरेटर दिल्यावर डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज आला तर हवाच आहे, शंका नको. याच्या उलट, ट्रॅफिकमध्ये हवा गरम आणि हायवेला ऐंशीच्या वेगात गार पडते, काटाही खाली सरकतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. किंवा तो जागेवरच नाही.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

‘जागेवरच नाही’ हे अतिशयोक्तीने म्हटलेलं नाही. घाटात गाडी गरम झाली की बऱ्याच गॅरेजांत पहिला उपाय हाच असतो: थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पण गरम होण्याचं मूळ कारण, तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला फॅन, गेलेलं झाकण, तिथेच राहतं. इंजिन मात्र हिवाळ्यात कधीच पुरतं तापत नाही. थंड इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जादा पेट्रोल देत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल साठून झाकणाखाली साबणासारखा पांढरट थर येतो, आणि हीटर कोमट. नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड बहुधा पी ०१२८. सेकंडहँड गाडीचा हीटर कोमट असेल तर सगळ्यात आधी थर्मोस्टॅटचं झाकण उघडून आत काही आहे का ते बघावं.

थर्मोस्टॅटच्या अंगावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, ८२ किंवा ८८ असं काहीतरी. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि वॉल ढकलतं. नवा असो की जुना, बसवण्याआधी घरच्या पातेल्यात तपासता येतो. गार थर्मोस्टॅटच्या फटीत दोरा अडकवायचा, त्या दोऱ्यानेच तो पाण्यात लोंबकळत ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. वॉल उघडायला लागला की दोऱ्यावरची पकड सुटते आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. त्या क्षणाचा आकडा कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश आगेमागे असला पाहिजे. पुढे दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडायला हवा, साधारण आठ मिलिमीटर किंवा जास्त. गार पाण्यातच दोरा पकडत नसेल तर उघडा अडकलेला आहे, फेकून द्या.

विकत घेताना कंपनीचा मूळ पार्ट घ्या. छोट्या गाड्यांना तो हजाराच्या आत-बाहेर बसतो, आणि डुप्लिकेटमध्ये वाचणारे दोन-तीनशे रुपये दुसऱ्यांदा कूलंट काढण्यात जातात. ‘आपल्या हवेला ७६ चा बरा’ असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. मॅन्युअलमधला आकडाच बसवा. बऱ्याच थर्मोस्टॅटना कडेला एक सुटी, खुळखुळणारी पिन असते. ती वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवी, कारण भरताना अडकलेली हवा तिथूनच निसटते. रबरी रिंग नवी. जुन्या रिंगला सिलिकॉनचा लेप देणं हा आळस आहे, आणि त्यातला जादा सिलिकॉन सुटून थेट हीटर कोअरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

इथेच रेडिएटरच्या झाकणाबद्दल. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. लडाखला जाणाऱ्या पुण्या-नाशिकच्या गाड्यांनी याकडे नक्की बघावं. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ८२-८३ अंशांनाच उकळतं. म्हणजे झाकण दाब धरत नसेल आणि आत नुसतं पाणी असेल, तर ८८ चा थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच पाणी उकळायला लागेल. झाकणाचा रबर कडक झाला, चिरा पडल्या, की बदलायचं. दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे.

कूलंट: तयार की घट्ट

बाजारात दोन प्रकार. तयार मिश्रण, थेट ओतायचं. आणि कॉन्सन्ट्रेट, ज्यात पाणी आपण मिसळायचं. दुकानदार तयार मिश्रण पुढे करतात, आणि टॉप-अपसाठी तेच सोयीचं. पण पूर्ण बदल करताना कॉन्सन्ट्रेट घ्या. कारण रेडिएटरचा बोल्ट उघडला तरी इंजिन ब्लॉक आणि हीटर कोअरमध्ये लिटर-दीड लिटर पाणी राहतंच. फ्लश केल्यावर ते साधं पाणी असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं की पन्नास टक्क्यांचं पस्तीसवर येतं. छोट्या गाडीची एकूण क्षमता चार-पाच लिटर असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पाच लिटर असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. हिशेब चुकत नाही.

निम्मं-निम्मं मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, एक तृतीयांश मिश्रण उणे १७-१८ पर्यंत. निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचं हिम होतं, पण महाराष्ट्रात इंजिनातलं पाणी गोठेल अशी थंडी पडत नाही. तरी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नका, कारण गंज रोखणारी रसायनं त्याच बाटलीतून येतात. स्पिती-मनालीला हिवाळ्यात नुसत्या पाण्यावर गाडी नेली, तर गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि पातळ नळ्यांचा हीटर कोअर फुटायला फार वेळ लागत नाही. उलट टोकही बरं नाही: निव्वळ कॉन्सन्ट्रेट उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. मिश्रण किती आहे ते बघायला साधं हायड्रोमीटर मिळतं, बल्ब दाबून कूलंट ओढायचं, आतला काटा आकडा दाखवतो.

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, जात नव्हे. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात, आणि चुकीची जोडी जमली की आतली रसायनं मरतात किंवा चिखलासारखा गाळ बसतो. बाटलीवर मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन शोधा. ते नसेल तर बाटली परत ठेवा.

आणि पाणी बोअरचं नको. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच हीटर कोअरच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या नळ्यांत चढतो. मुख्य रेडिएटरला त्याचा त्रास उशिरा होतो, कोअरला आधी. तीच गोष्ट हळदीची. रेडिएटर गळतोय म्हणून मूठभर हळद टाकून गाडी घरी आणायचा जुना ड्रायव्हरी उपाय खरंच चालतो, पण गळतीचं भोक आणि कोअरची नळी यांत हळदीला फरक कळत नाही. बाटलीतल्या ‘स्टॉप लीक’लाही कळत नाही. घरी पोचल्यावर धुऊन काढा. कूलंटमधलं ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, म्हणून काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवू नका, कुत्री-मांजरं चाटतात.

तुंबलेला कोअर उघडणं

एक होज गरम, एक कोमट असेल तर कोअर बदलायची घाई नको. बदलायचा म्हणजे बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, एसीचा गॅस काढायचा, पूर्ण दिवसाची मजुरी. पार्टपेक्षा मजुरी महाग पडते. आधी उलटा फ्लश करून बघा.

इंजिन पूर्ण गार. कूलंट काढा, दोन्ही होजच्या क्लिपा मागे सरकवा. होज चिकटला असेल तर पकडीने पिळू नका. कोअरची नळी पातळ अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते, ती मुरडली की सगळं मुसळ केरात. ब्लेडने होजला लांबीत चीर द्या आणि सोलून काढा, होज नवा मिळतो. मग बागेचा पाईप परतीच्या नळीला लावा आणि मंद धार सोडा, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने. आत जाते तेवढीच धार बाहेर यायला हवी. सुरुवातीला तपकिरी गाळ, गंजाचे कण, कधी सिलिकॉनच्या अळ्या येतात. कंप्रेसरची हवा मारायचा मोह टाळा. कोअर रेडिएटरच्या झाकणाएवढा, म्हणजे एक बारच्या आसपासचा दाब सोसायला केलेला असतो, आणि कंप्रेसर सात-आठ बारचा.

धार मोकळी झाली नाही तर सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, दोन लिटर पुरतं. नरसाळ्याने कोअरमध्ये भरा, वीस मिनिटं ठेवा, पुन्हा दोन्ही दिशांनी स्वच्छ धुवा. बाटलीतले महागडे फ्लश याहून फार वेगळं काम करतात असं नाही. टॉयलेट साफ करायचं अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा मात्र चुकूनही नको, अॅल्युमिनियम खाऊन टाकतात. दोनदा करूनही धार सुटली नाही तर मग कोअर बदला.

भरताना हवा काढणं हे अर्धं काम. गाडीचं नाक चढावर, बटण पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. पातळी उतरेल तसं भरत जा, वरचा जाड होज अधूनमधून हाताने दाबा, बुडबुडे येतील. ते थांबले आणि कूलंट वर फुगायला लागलं की झाकण लावा, रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा.

कोअर गळत असेल तर हे सगळं निरुपयोगी. त्याची खूण नाकाला कळते: केबिनमध्ये गोडसर वास, काचेला आतून तेलकट धुकं जे फडक्याने पुसलं की पसरतं, आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट चिकट ओलं. एसीचा ड्रेन तुंबला तरी कार्पेट ओलं होतं, पण ते पाणी बिनवासाचं, बिनरंगाचं असतं. गळका कोअर तात्पुरता बाद करायचा असेल तर दोन्ही होज एका नळीने एकमेकांना जोडा. तोंडं बंद करू नका, काही इंजिनांना ही फेरी चालू लागते. जुन्या जीपवर्गातले तांब्या-पितळेचे कोअर मात्र डाख देऊन अजूनही दुरुस्त होतात.

हवेची बाजू

हे लवकर उरकतं. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, वर्षातून एकदा बदला. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, आणि त्याच हवेवर गार होणारा ब्लोअरचा रेझिस्टर जळतो. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो, खालचे वेग मेले, तर तोच गेलाय. पार्ट स्वस्त, दोन स्क्रूचं काम, पण फिल्टर न बदलता नवा बसवलात तर तोही जाईल. बटण फिरवताना डॅशबोर्डमागे टकटक ऐकू आली तर फ्लॅपच्या मोटरचा दात तुटलाय. केबलच्या गाड्यांत केबल क्लिपमधून निसटलेली असते, पायांच्या जागेतून टॉर्च मारली की दिसते. आणि उंदीर. ब्लोअरच्या पिंजऱ्यात कापूस नि शेंगांची टरफलं निघणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

काचेचं धुकं, आणि डब्याला दिलेले चार गुण

हा डबा खरा विकला जातो तो पावसाळ्यात, थंडीपेक्षा जास्त. ताम्हिणीत किंवा आंबोलीत काच धुरकटली की माणूस काहीही विकत घ्यायला तयार होतो. आधी बोटाने रेघ ओढून बघा, धुकं आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, बटण गरमकडे, हवा काचेवर, बाहेरची हवा आत घेणारं बटण. एसी हवेतलं पाणी काढतो, कोअर तीच हवा तापवतो, कोरडी गरम हवा काच मिनिटभरात मोकळी करते. नुसता हीटर लावून, आतलीच हवा फिरवत बसलात तर पाच जणांचा श्वास काचेवरच जमणार. धुकं बाहेरून असेल तर काच एसीने गार पडली आहे. वायपर मारा आणि हवेचा रोख काचेवरून काढा.

डब्याला चार गुण इथे मिळतात. काही जुन्या बेस मॉडेलमध्ये हीटर आणि एसी दोन्ही नव्हते, तिथे ड्रायव्हरसमोरचा ताटलीएवढा काचेचा तुकडा हा डबा पाच-सात मिनिटांत साफ ठेवतो. बाकी काच तशीच. अशा गाडीला त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा अख्खा हीटर बॉक्स भंगारातून मिळतो का ते बघा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असले नग निघतात. होजची तोंडं इंजिनावर बहुधा आधीच असतात, बूच मारलेली.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हा डबा सुचवला जातो, कारण तिथे इंजिनाची फुकट उष्णता नाही आणि हीटर बॅटरी खातो. तीन किलोवॅटचा हीटर तासभर पूर्ण ताकदीवर चालला तर ३० किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा दहावा हिस्सा गेला, हे खरं. पण डबाही शेवटी त्याच बॅटरीवर चालतो, आणि त्याच्या दीडशे वॅटमध्ये केबिन तापत नाही ते नाहीच. त्यापेक्षा गाडी चार्जरला असतानाच तापवून घ्या.

डबा घेतलाच असेल तर रात्री गाडीत झोपताना चालू ठेवू नका. आणि त्याच्यासाठी, किंवा गाडीच्या हीटरसाठी, इंजिन चालू ठेवून बंद काचांत तर अजिबात झोपू नका. सायलेन्सरची गळती किंवा नळीभोवती साचलेला बर्फ कार्बन मोनॉक्साइड आत आणतो, आणि त्याला वास नसतो.